ख्रिस्तसभेचे न्यायासन आणि देशाचे न्यायालय : एक विवाह, दोन प्रश्न

धर्मग्रामाच्या कार्यालयात अधूनमधून दोन प्रकारची माणसे हातात कागद घेऊन येतात. एकाच्या हाती कुटुंब न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा असतो. ‘फादर, कोर्टाने मला मोकळे केले आहे, आता माझे दुसरे लग्न चर्चमध्ये लावून द्या,’ अशी त्याची विनंती असते. दुसऱ्याच्या हाती धर्मप्रांतीय न्यायासनाचा निर्णय असतो. ‘चर्चने माझे पहिले लग्न रद्द केले आहे, मग आता कोर्टाची पायरी कशाला चढायची?’ असा त्याचा प्रश्न असतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघांचाही समज चुकीचा असतो. पहिल्याचा विवाह चर्चमध्ये लागू शकत नाही. दुसऱ्याने घाईने विवाह केला, तर देशाच्या कायद्यापुढे तो द्विविवाहाचा आरोपी ठरू शकतो.

हा घोटाळा होण्याचे कारण असे, की ख्रिस्तसभेचे स्वतःचे न्यायालय आहे हे बहुतेक श्रद्धावंतांना ऐकून ठाऊक असते. परंतु ते न्यायालय काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची माहिती फार थोड्यांना असते. प्रस्तुत लेखात त्याविषयी थोडक्यात विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

न्यायासनाची परंपरा

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, श्रद्धावंतांनी आपापसांतील तंटे परकीयांच्या न्यायासनापुढे नेण्याऐवजी समाजातील सुज्ञ माणसांकडून मिटवून घ्यावेत, असा आग्रह धरला आहे. ख्रिस्तसभेच्या न्यायदानाचे मूळ येथे आहे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशपांनी दिलेल्या निवाड्यांना राजमान्यता दिली. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांचा बराच वेळ लोकांचे कज्जे ऐकण्यात जात असे आणि त्यामुळे प्रार्थनेला व अभ्यासाला वेळ उरत नाही, याची खंत त्यांनी व्यक्त केली आहे.

पुढे युरोपात विवाहविषयक सर्व वाद शतकानुशतके ख्रिस्तसभेच्याच न्यायालयांत चालत. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतरही हे काम चर्चच्या न्यायालयांकडेच राहिले. १८५७ च्या कायद्याने ते तेथे नागरी न्यायालयाकडे सोपविण्यात आले. त्याच धर्तीवर १८६९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातील ख्रिस्ती लोकांसाठी ‘भारतीय घटस्फोट अधिनियम’ केला. म्हणजेच, आपल्या देशात ख्रिस्ती विवाहाचा कायदेशीर निवाडा करण्याचा अधिकार दीडशे वर्षांहून अधिक काळ नागरी न्यायालयांकडे आहे. ख्रिस्तसभेचे न्यायासन त्याच्या बाहेर, आपल्या स्वतःच्या क्षेत्रात, आजही कार्यरत आहे. ते क्षेत्र म्हणजे संस्कार आणि सदसद्विवेक.

न्यायासनात कोण असते?

ख्रिस्तसभेचा कायदा, ज्याला आपण ‘कॅनन लॉ’ म्हणतो, तो आजच्या स्वरूपात पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी प्रसिद्ध केला. त्याची एकूण १७५२ कलमे असून सातव्या खंडात न्यायप्रक्रियेचे नियम आहेत. सिरो-मलबार परंपरेच्या कल्याण येथील श्रद्धावंतांसारख्या पौर्वात्य कॅथोलिकांसाठी १९९० ची स्वतंत्र संहिता आहे.

कायद्यानुसार धर्मप्रांताचे पहिले न्यायाधीश स्वतः महागुरुस्वामी, म्हणजे बिशप असतात. ते हे काम सहसा आपल्या प्रतिनिधीमार्फत करतात. या प्रतिनिधीस ‘ज्युडिशियल व्हिकर’ म्हणतात. तो धर्मगुरू असावा लागतो, त्याचे वय किमान तीस वर्षे असावे लागते आणि कॅनन लॉचे उच्च शिक्षण त्याने घेतलेले असावे लागते. विवाहाचा खटला साधारणपणे तीन न्यायाधीशांपुढे चालतो. त्यांचा प्रमुख धर्मगुरू असतो. उरलेले दोघे २०१५ च्या सुधारणेनुसार प्रापंचिकही असू शकतात. जेथे तीन न्यायाधीश मिळणे शक्य नसते, तेथे एका धर्मगुरू-न्यायाधीशाकडे काम सोपविता येते.

या न्यायासनात एक असा अधिकारी असतो, ज्याच्यासारखा अधिकारी नागरी न्यायालयात आढळत नाही. तो म्हणजे विवाहबंधनाचा रक्षक. विवाह वैध आहे असे दाखविणारी प्रत्येक रास्त गोष्ट न्यायाधीशांपुढे मांडणे, हे त्याचे कर्तव्य होय. पती आणि पत्नी दोघांनाही विवाहातून सुटका हवी असली, तरी विवाहाच्या बाजूने बोलणारा कोणीतरी असावा, या हेतूने पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये हे पद निर्माण केले. आज या पदावर प्रापंचिक स्त्री-पुरुषांचीही नेमणूक होऊ शकते.

न्यायासन कोणता प्रश्न विचारते?

नागरी न्यायालय घटस्फोट देते, तेव्हा ते असे म्हणते, की हा विवाह झाला होता, आता तो मोडला आहे. ख्रिस्तसभेचे न्यायासन घटस्फोट देत नाही. पती-पत्नीला परमेश्वराने जोडले आहे, ते मनुष्याने तोडू नये, ही प्रभू येशूची शिकवण संत मत्तयच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. दोन बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तींमध्ये वैधपणे लागलेला आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह मृत्यूखेरीज कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही, असे १९८३ च्या संहितेचे कलम ११४१ सांगते. पोप महोदयही याला अपवाद नाहीत.

मग न्यायासन काय तपासते? ते एकच प्रश्न विचारते : विवाहाच्या दिवशी, वेदीसमोर संमती देताना, तो विवाह खरोखर निर्माण झाला होता का? चर्च सजलेले असते, फोटो काढलेले असतात, नोंदवहीत सह्या असतात. तरीही ज्या गोष्टीने विवाह निर्माण होतो, ती गोष्टच त्या दिवशी अनुपस्थित असू शकते. तसे सिद्ध झाले, तर न्यायासन ‘हा विवाह मुळातच शून्य होता’ असे घोषित करते. याला विवाहशून्यतेची घोषणा म्हणतात. ‘कॅथोलिक घटस्फोट’ हा लोकांच्या तोंडी असलेला शब्द म्हणूनच चुकीचा आहे.

शून्यतेची कारणे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार विधीतील दोषाचा : अधिकारप्राप्त धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर विवाह न लागणे. दुसरा प्रकार अडथळ्याचा : आधीचा विवाह अस्तित्वात असणे, निषिद्ध नात्यात विवाह होणे, बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी आवश्यक सूट न घेता विवाह करणे इत्यादी. तिसरा आणि प्रत्यक्षात सर्वांत महत्त्वाचा प्रकार संमतीतील दोषाचा. सोयरीक मोडली तर घराण्याची अब्रू जाईल, अशा धाकदपटशाने वेदीसमोर उभ्या केलेल्या मुलीची संमती ही संमती नव्हे. संसार उद्ध्वस्त होईल अशी गंभीर गोष्ट, संमती मिळविण्यासाठीच हेतुपुरस्सर लपविणे, हा कपट होय. लग्न करताना मनातून अपत्य, एकनिष्ठा किंवा विवाहाचे कायमस्वरूप नाकारणे, हाही दोष आहे. तसेच गंभीर मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत कर्तव्ये स्वीकारण्याची क्षमताच नसणे, हे कारण कलम १०९५ मध्ये नमूद आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. लग्नानंतर सुरू झालेले भांडण, व्यसन किंवा परस्त्रीगमन ही आपोआप शून्यतेची कारणे होत नाहीत. विवाहाच्या दिवशीच्या स्थितीवर त्यांच्यामुळे प्रकाश पडत असेल, तरच त्यांना महत्त्व येते. संसारातील अडचण वेगळी आणि संसार करण्याची अक्षमता वेगळी, हा भेद पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ मध्ये रोममधील ‘रोटा’ न्यायालयाच्या न्यायाधीशांना उद्देशून केलेल्या भाषणात स्पष्ट केला होता. मूलबाळ न होणे हेही शून्यतेचे कारण नाही. अपत्यहीन स्त्रीला ‘चर्चमधून सोडवून घेण्याची’ भाषा आपल्या समाजात कधीकधी ऐकू येते. त्या भाषेला ख्रिस्तसभेच्या कायद्यात कोणताही आधार नाही.

प्रक्रिया कशी चालते?

पती किंवा पत्नी यांपैकी कोणीही अर्ज करू शकतो. विवाह जेथे लागला तेथील, दोघांपैकी एकाच्या वास्तव्याच्या ठिकाणच्या, किंवा बहुतेक पुरावे जेथे मिळतील तेथील न्यायासनात तो करता येतो. मुंबईत विवाह होऊन पत्नी वसईत माहेरी परतली असेल, तर अर्ज करण्यासाठी तिला पतीच्या गावी खेटे घालण्याची सक्ती नाही.

अर्ज दाखल करून घेण्यापूर्वी, हा संसार पुन्हा उभा राहण्याची शक्यता उरलेली नाही, याची खात्री न्यायाधीशांनी करून घ्यावयाची असते. नंतर दुसऱ्या पक्षाला रीतसर कळविले जाते. तो आला नाही, तरी काम थांबत नाही. परंतु त्याला बाजू मांडण्याची संधी न देता निर्णय देता येत नाही. पती-पत्नी, आईवडील, भावंडे, मित्र यांचे जबाब बंद खोलीत, स्वतंत्रपणे घेतले जातात. पती व पत्नी यांना एकमेकांसमोर उभे करून उलटतपासणी केली जात नाही. मानसिक कारणांच्या खटल्यात तज्ज्ञांचे मत घेतले जाते. त्यानंतर दोन्ही पक्षांना कागदपत्रे पाहण्याची संधी मिळते, बंधनरक्षक आपले म्हणणे सादर करतो आणि न्यायाधीश निर्णय देतात. विवाह शून्य आहे याची न्यायाधीशांना नैतिक निश्चिती वाटली पाहिजे. संशय उरला, तर विवाह वैधच मानला जातो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये स्वाक्षरी केलेल्या आणि ८ डिसेंबर २०१५ पासून लागू झालेल्या आदेशाने या प्रक्रियेत मोठे बदल घडविले. पूर्वी शून्यतेचा निर्णय दोन न्यायासनांनी एकमताने दिल्याशिवाय तो अमलात येत नसे. ती अट रद्द झाली. ज्या प्रकरणी शून्यता उघड दिसते आणि दोघांचीही संमती असते, अशा प्रकरणी स्वतः बिशपांनी निर्णय देण्याची संक्षिप्त पद्धत सुरू झाली. न्यायासनातील कर्मचाऱ्यांचे रास्त मानधन सांभाळून, शक्य तेथे ही सेवा विनामूल्य असावी, असेही त्यांनी सांगितले. पैसे नाहीत म्हणून कोणीही न्यायासनाचे दार ठोठावण्याचे टाळू नये.

पहिल्या पातळीवरील खटला एका वर्षाच्या आत संपवावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. निर्णय मान्य नसणाऱ्या पक्षाला अपील करता येते. सर्वसाधारण नियमानुसार ते प्रांतप्रमुख आर्चबिशपांच्या न्यायासनाकडे जाते. वसई, पुणे आणि नाशिक हे धर्मप्रांत मुंबई आर्चडायोसिसशी संलग्न आहेत. रोममधील रोटा न्यायालयाकडेही दाद मागता येते.

देशाचा कायदा काय म्हणतो?

समजा, न्यायासनाने विवाह शून्य घोषित केला. धर्मग्रामाच्या नोंदवहीत तशी नोंद झाली. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने ती व्यक्ती विवाह करण्यास मोकळी झाली. मात्र काही वेळा, कारणाचे गांभीर्य पाहून, बिशपांच्या परवानगीशिवाय नवा विवाह करू नये असे बंधन निर्णयातच घातलेले असते. देशाच्या दृष्टीने मात्र तिची स्थिती तसूभरही बदललेली नसते.

केरळमधील एका प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका स्त्रीचा पहिला विवाह चर्चच्या न्यायासनाने शून्य ठरविला होता आणि त्यानंतर तिने दुसरा विवाह केला होता. पुढे दुसऱ्या पतीने, तिचा पहिला विवाह कायद्याने अस्तित्वात आहे या कारणावरून, आपला विवाह रद्द करून मागितला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १८६९ चा अधिनियम अस्तित्वात असताना विवाह रद्द करण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार केवळ त्या अधिनियमाखालील न्यायालयांना आहे. चर्चच्या निर्णयाच्या आधारे केलेला दुसरा विवाह टिकला नाही. ज्या कागदावर त्या स्त्रीने विश्वास ठेवला, तो कागद ख्रिस्तसभेत खरा होता. पण न्यायालयात तिला त्याचा आधार मिळाला नाही.

कॅनन लॉ हा कॅथोलिकांचा व्यक्तिगत कायदा मानावा आणि न्यायासनाच्या निर्णयांना नागरी मान्यता द्यावी, अशी मागणी करणारी जनहित याचिका कर्नाटकातील एका ज्येष्ठ कॅथोलिक वकिलांनी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये १९९६ च्या निर्णयाचा आधार घेऊन ती फेटाळली. तेव्हा याविषयी आता संदिग्धता उरलेली नाही.

त्याचे परिणाम गंभीर आहेत. नागरी हुकूमनाम्याशिवाय केलेला दुसरा विवाह कायद्याने शून्य ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ४९४ खाली, द्विविवाहासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सक्षम न्यायालयाने पहिला विवाह शून्य ठरविलेला असल्यास हा गुन्हा होत नाही. परंतु चर्चचे न्यायासन हे या अर्थाने सक्षम न्यायालय नव्हे. शिवाय वारसाहक्क, निवृत्तिवेतन, पारपत्र, विम्याची रक्कम या सर्व ठिकाणी पहिलाच जोडीदार कायदेशीर जोडीदार राहतो.

पूर्वी नागरी न्यायालयात जाणे ख्रिस्ती स्त्रीला खरोखरच कठीण होते. पतीला केवळ व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये या अन्यायावर बोट ठेवले. संसदेने २००१ मध्ये कायदा सुधारला. पती व पत्नी यांना समान कारणे मिळाली, परस्परसंमतीची तरतूद आली, घटस्फोटाला उच्च न्यायालयाची मंजुरी घेण्याची अट गेली. कायद्याच्या नावातील ‘भारतीय’ हा शब्दही वगळला गेला.

गोव्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात १९४० मध्ये झालेल्या करारानंतर तेथे चर्चमध्ये लागलेल्या विवाहांसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला आणि न्यायासनाच्या निर्णयाला उच्च न्यायालयामार्फत नागरी परिणाम देण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ चालत आली. ज्यांचा विवाह गोव्यात नोंदविला गेला आहे, त्यांनी ऐकीव माहितीवर न विसंबता तेथील जाणकार वकिलांचा सल्ला घ्यावा.

काही गैरसमज

विवाह शून्य ठरला की मुले अनौरस ठरतात, ही भीती अनेक मातांना वाटते. ती निराधार आहे. दोघांपैकी एकाने जरी सद्भावनेने विवाह केला असेल, तरी त्या विवाहातील मुले औरसच होत, असे कलम ११३७ स्पष्ट सांगते.

घटस्फोटित व्यक्तीला ख्रिस्तशरीर स्वीकारता येत नाही, हा दुसरा गैरसमज. ज्या व्यक्तीने नागरी घटस्फोट घेतला आहे, परंतु दुसरा विवाह केलेला नाही, तिला केवळ घटस्फोटामुळे संस्कारांपासून दूर राहावे लागत नाही. हक्कांचे रक्षण किंवा मुलांचे पालनपोषण यांसाठी नागरी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो घेणे हे पाप नव्हे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. ‘विवाह अतूट आहे’ या वाक्याचा आधार घेऊन मार खाणाऱ्या स्त्रीला सोसत राहण्याचा सल्ला दिला जातो. कलम ११५३ नुसार, जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला अथवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याचा अधिकार आहे. विलंब धोक्याचा असेल, तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता घर सोडता येते. संरक्षण, निवारा आणि पोटगी यांसाठी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ आहे. त्यासाठी न्यायासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. न्यायासनाजवळ पोलीस नाहीत, जप्तीचा अधिकार नाही, मुलांचा ताबा देण्याचा अधिकार नाही. निर्णय देताना, एकमेकांविषयीच्या आणि मुलांविषयीच्या नैतिक व नागरी जबाबदाऱ्यांची आठवण ते दोघांना करून देते. परंतु त्या पार पाडावयास लावण्याची शक्ती देशाच्या न्यायालयाकडेच आहे.

हेच तत्त्व गुन्ह्यांच्या बाबतीतही लागू होते. धर्मगुरूंकडून घडलेल्या गंभीर अपराधांसाठी ख्रिस्तसभेत स्वतंत्र दंडप्रक्रिया आहे आणि त्यासंबंधीचे नियम अलीकडच्या काळात अधिक कडक झाले आहेत. तथापि ही प्रक्रिया पोलीस तक्रारीची जागा घेऊ शकत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे, आणि देशाचे कायदे पाळावेत असे पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशातही स्पष्ट केलेले आहे.

शेवटी

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या दोन व्यक्तींकडे पुन्हा वळू या. घटस्फोटाचा हुकूमनामा घेऊन आलेल्याने न्यायासनाकडे जावे. आपला पहिला विवाह मुळात विवाह होता का, हा प्रश्न त्याच्यापुढे अजून उभाच आहे, आणि उत्तर ‘होय’ असेही येऊ शकते. न्यायासनाचा निर्णय घेऊन आलेल्याने कुटुंब न्यायालयात किंवा जिल्हा न्यायालयात जावे. कोणता अर्ज आधी करावा, याविषयी न्यायासनाचा आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. दोन्ही कागद हाती येईपर्यंत लग्नाची तारीख ठरवू नये, हॉलची अनामत भरू नये.

मोडलेल्या संसाराचे दुःख घेऊन न्यायासनापुढे बसणे सोपे नसते. आपल्या आयुष्यातील खाजगी गोष्टी परक्या माणसांना सांगाव्या लागतात, हा संकोच अनेकांना वर्षानुवर्षे दूर ठेवतो. अशा बांधवांना आणि भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते, की न्यायासन दोषी कोण हे ठरविण्यासाठी बसत नाही. ते सत्य काय घडले हे शोधते. पहिले पाऊल म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे. विवाहाचा दाखला, दोघांच्या बाप्तिस्म्याचे दाखले आणि जे काही कागद जवळ असतील ते सोबत न्यावेत. आणि शेजारपाजारच्या मंडळींनीही, कोणाचा संसार मोडल्याचे कानी आल्यास, कुजबुज करण्याऐवजी त्या व्यक्तीला हा मार्ग दाखवावा.